टेलच्या अंगणवाडीपर्यंत

समजा, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे एका वाडीवर चौदा महिन्यांची ओवी राहते. महिन्याच्या सुरुवातीला अंगणवाडीत तिची उंची मोजली, ती ७६.२ सेंटिमीटर भरली. पंधरा दिवसांनी आई तिला घेऊन माहेरी, नेवाशाकडच्या गावी गेली. तिथल्या अंगणवाडीच्या ताईंनीही पोरीला फळीवर निजवून मोजलं. आकडा आला ७४.७. पंधरवड्यात पोर दीड सेंटिमीटरने आखुडली!

पोरं आखडत नसतात, हे ओवीच्या आजीलाही कळतं. मग चुकलं कुठे? दोन्हीकडची फळी सारखी आहे. नियम, मोबाइलमधलं ॲप आणि दोन्ही ताईंनी घेतलेलं प्रशिक्षणही एकच. तरीही एकाच मुलाचे दोन आकडे आले. हे कोडं सोडवायला निघालं की अंगणवाडी नावाच्या यंत्रणेत नवी माहिती कशी उतरते, कुठे अडते आणि मधेच कशी जिरून जाते, ते एकेक करून दिसायला लागतं.

गुडघ्यातली भानगड

दोन वर्षांखालच्या मुलाची उंची उभं करून घेत नाहीत, त्याला आडवं निजवून लांबी घेतात. त्यानंतर उभं करून मोजतात. आडवं मोजलं की मूल साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं, कारण उभं राहिल्यावर अंगाचा भार मणक्यावर येतो.

आडवं मोजायला माणसं दोन लागतात. एकाने मुलाचं डोकं फळीच्या डोक्याकडच्या बाजूला टेकवून धरायचं. दुसऱ्याने एका हाताने दोन्ही गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि दुसऱ्या हाताने पायाकडची सरकती पट्टी तळव्यांना भिडवायची. चौदा महिन्यांचं पोर हे सगळं मुकाट्याने करू देईल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. ते रडतं, लाथा झाडतं, गुडघे पोटाशी घेतं. ताई एकटी असली की एक हात डोक्याला, एक पट्टीला, आणि गुडघे मोकळे. तिथे दीड-दोन सेंटिमीटर सहज हरवतात.

दीड सेंटिमीटरचं एवढं काय, असं वाटेल. पण मूल कुपोषित आहे की नाही, हे नुसत्या वजनावरून ठरत नाही. एवढ्या उंचीच्या मुलाचं वजन किती हवं, असा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिला, आपल्याकडे तोच वापरतात. ओवीएवढ्या उंचीच्या मुलांत उंची एका सेंटिमीटरने बदलली की धोक्याची रेषा साधारण दीडशे ग्रॅमने सरकते. म्हणजे दीड सेंटिमीटरला सव्वादोनशेच्या आसपास. उंची कमी भरली तर त्या उंचीला वजन कमी पुरतं, आणि जी पोर ‘तीव्र कुपोषित’ या यादीत यायला हवी ती ‘मध्यम’मध्ये जाऊन बसते. रोडावलेलं मूल कागदावर फक्त बुटकं दिसायला लागतं. तीव्र कुपोषित मुलासाठी गावात ग्राम बालविकास केंद्र, त्याने भागलं नाही तर पोषण पुनर्वसन केंद्र, अशी सोय आहे. तिथपर्यंत ओवीला नेणारी किंवा तिथे जायचं राहून जाणारी पहिली गोष्ट कोणती, तर तिच्या गुडघ्यांवर कोणाचा तरी हात होता की नव्हता, ही.

वरून सुटलेलं पाणी

नगरकरांना ही यंत्रणा समजावायला (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण एसटी स्टँडवर अजून ‘नगर, नगर’च ऐकू येतं) पाटपाण्यासारखं उदाहरण नाही. १९२६ साली भंडारदरा धरण पुरं झालं. प्रवरेतून सोडलेलं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावर येतं, तिथून डाव्या आणि उजव्या कालव्याला लागतं, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून पोटचाऱ्या. धरणातून किती सुटलं याचा आकडा पेपरात येतो. टेलच्या, म्हणजे चारीच्या अगदी शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला किती मिळालं, ते त्याच्या उसाकडे पाहून कळतं.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिचाही पाट असाच आहे. दिल्लीतलं महिला व बालविकास मंत्रालय हे धरण. मग नवी मुंबईतलं राज्याचं आयुक्तालय, जिल्हा परिषदेचा महिला व बालविकास विभाग, तालुक्याला प्रकल्प आणि त्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी, ज्यांना सगळे सीडीपीओच म्हणतात. प्रकल्पाचे तुकडे पाडले की होतात बीट. एका बीटमध्ये वीस-पंचवीस अंगणवाड्या, त्यांच्यावर एक मुख्यसेविका, म्हणजे पर्यवेक्षिका. आणि टेलला सेविका व मदतनीस. साधारण ४०० ते ८०० वस्तीला एक अंगणवाडी, आदिवासी भागात ३०० वस्तीलाही.

या टेलच्या बाईकडे कामं किती? पूरक आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वशालेय शिक्षण, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि आरोग्य खात्याबरोबर लसीकरण, तपासणी, गरज पडली तर पुढे पाठवणं. एका खोलीत बालवाडी, खिचडी, दवाखान्याची पायरी आणि कचेरी. शाळेच्या मास्तरांना अध्यापन पदविका घेऊन वर्गावर जायचं असतं, इथे मात्र बरंचसं शिक्षण नोकरीला लागल्यावरच होतं. म्हणून या पेशात ‘नवीन काय आलं’ हे कळत राहणं ही काही वरची हौस नाही, कामच त्यावर चालतं.

वरणातलं पाणी

प्रशिक्षण बहुतेक वेळा पायऱ्यांनी होतं. वरचे मोजके लोक शिकतात, ते खालच्यांना शिकवतात, ते आणखी खालच्यांना. मे २०२३मध्ये सुरू झालेला ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम घ्या. त्यात सीडीपीओ आणि पर्यवेक्षिकांना राज्य पातळीवर दोन दिवस शिकवायचं आणि मग त्यांनी सेविकांना तीन दिवस. देशभरातल्या लाखो सेविकांपर्यंत पोहोचायचं तर दुसरा मार्गही नाही.

पण पाट कच्चा असला की पाणी जिरतं. इथे नक्की काय जिरतं, हे एका साध्या गोष्टीत पाहू. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचा आहार सुरू करायचा, हे वाक्य धरणापासून टेलपर्यंत जसंच्या तसं पोहोचतं. भिंतीवर रंगवलेलं असतं, सेविकेला पाठ असतं, आईलाही पाठ असतं. आई देतेही. काय देते? वरणावरचं पाणी. कारण बाळाला पातळ बरं, घशात अडकायला नको.

सल्ल्याचा जीव मात्र घट्टपणात आहे. चमच्यात घेतलेलं वरण चमचा तिरपा केला तरी लगेच ओघळून जाऊ नये, इतकं घट्ट हवं. सहा-आठ महिन्यांच्या बाळाचं पोट लहान. दोन-तीन वेळा, अर्धी-अर्धी वाटी, एवढीच जागा. ती जागा पाण्याने भरली तर बाळ पोटभर जेवून उपाशी राहतं. ‘काय’ द्यायचं हे वाक्यात मावतं. ‘कसं’ द्यायचं हे चमचा तिरपा करून दाखवावं लागतं, आणि पायऱ्या उतरताना नेमका हा चमचा कुठल्या तरी पायरीवर राहून जातो. ओवीच्या गुडघ्यांचंही तेच झालं.

पाटकरी बाई

पाटावर पाणी जिरू नये, मधे कोणी फोडू नये, टेलची बारी चुकू नये म्हणून पाटकरी असतो. अंगणवाडीच्या पाटावर हे काम मुख्यसेविकेचं. माझ्या मते या सगळ्या रचनेत सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा माणूस हाच.

तिची हत्यारं दोन. एक, अंगणवाडीला भेट. दुसरं, महिन्याची बीट बैठक. बीट बैठक कोणीही पाहावी. एखाद्या मोठ्या अंगणवाडीत किंवा शाळेच्या वर्गात सतरंज्या अंथरलेल्या, वीस-पंचवीस बायका, मांडीवर रजिस्टरं, भिंतीशी डब्यांच्या पिशव्या. कोणाचा एमपीआर, म्हणजे मासिक प्रगती अहवाल, जुळत नाही. कोणाच्या वाडीवर टीएचआरचा, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचा, माल उशिरा आला. कोणाच्या वजनकाट्याचं सेल गेलं. तीन तासांतले अडीच आकडे जुळवण्यात जातात.

उरलेला अर्धा तास सगळ्यात मोलाचा. २०१८च्या ८ मार्चला पोषण अभियान सुरू झालं तेव्हा या अर्ध्या तासाला शिस्त लावायचा एक चांगला प्रयत्न झाला. एकवीस छोटे पाठ तयार केले. गृहभेटी कशा आखायच्या, अशक्त नवजात बाळ कसं ओळखायचं, वरचा आहार कसा वाढवत न्यायचा, असे. तीस दिवसांचं शिबिर एकदम उरकायचं नाही, दर बैठकीला एकच पाठ, महिनाभर तेवढंच करून पाहायचं आणि पुढच्या बैठकीत काय जमलं ते सांगायचं. शेतकऱ्याच्या भाषेत, एकदाच पूर न सोडता आवर्तनं लावून पाणी द्यायचं. पिकाला तेच मानवतं. माणसालाही, कारण बाळंतिणीच्या घरी गेल्यावर पडलेला प्रश्न महिनाभरात विचारायला जागा असते.

अडचण एवढीच की पाटकरी एक आणि चाऱ्या दोन झाल्या की हा अर्धा तासच पहिला कापला जातो. पर्यवेक्षिकेची जागा रिकामी राहिली की शेजारच्या बीटच्या बाईंकडे अतिरिक्त कार्यभार येतो. मग बैठकीला पन्नास जणी, आणि बैठक म्हणजे आकडे. भेटही तशीच. भेट म्हणजे तपासणी की मदत, हे सेविकेला दारातच कळतं. आल्या आल्या हजेरीपट मागितला की तपासणी. ‘चला, आज दोघी मिळून वजनं घेऊ’ म्हटलं की मदत.

┌──────────
चौकट : कोणाकडून काय मिळतं
मुख्यसेविका : महिन्याची बीट बैठक, अंगणवाडीला भेट, हाताला धरून शिकवणं.
सीडीपीओ : प्रकल्पाची बैठक, साहित्य, आहाराचा पुरवठा, नेमणुका.
आरोग्यसेविका आणि आशा : गावातल्या आरोग्य व पोषण दिवशी लसीकरण, तपासणी, आजारी मुलाला पुढे पाठवणं.
‘आकार’ : राज्याचा पूर्वशालेय अभ्यासक्रम. खेळ, गाणी, गोष्टी, महिन्याचा विषय.
‘नवचेतना’ आणि ‘आधारशिला’ : केंद्राचे २०२४चे आराखडे. पहिला तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, दुसरा तीन ते सहा वर्षांच्या.
खासगी नर्सरी आणि घरगुती पाळणाघरं या पाटाच्या लाभक्षेत्रात येत नाहीत. त्यांना मुख्यसेविका नसते.
└──────────

खिशातला पाट

मार्च २०२१मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आलं, आणि धरणातून थेट टेलला पाइप टाकल्यासारखं झालं. अंगणवाडी उघडली, किती मुलं आली, काय शिजलं, कोणाचं वजन किती, सगळं रोज फोनवर. वजन-उंची भरली की मुलाचा गट ॲप स्वतः ठरवतं. तक्त्यात बोट फिरवून रेषा शोधायची कटकट गेली, ही मोठीच सोय. पण ॲपला गुडघे दिसत नाहीत. ७४.७ भरलं की ते ७४.७वरच हिशोब करतं.

सूचना आता सेकंदात पोहोचते. सकाळी निघालेला आदेश दुपारी राजूरच्या डोंगरात व्हॉट्सॲपवर, अर्थात रेंज असेल तर. त्याचं आचरण मात्र सेकंदात होत नाही. १ जुलै २०२५पासून टीएचआर देताना लाभार्थीचा चेहरा ओळखून पडताळणं सक्तीचं झालं, तेव्हाचं पाहा. आधी आधारवरून ओळख नोंदवायची, मोबाइलवर येणारा ओटीपी टाकायचा, मग दर वाटपाला कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवायचे. माल योग्य हातात पडावा, हा हेतू रास्त. पण घरात फोन एकच, तो नवऱ्याकडे, आणि नवरा चाकणला कामाला. ओटीपी तिकडे वाजतो आणि इकडे दारात बाई पिशवी घेऊन उभी. अशा वेळी काय करायचं हे परिपत्रकात शोधत बसण्यापेक्षा शेजारच्या वाडीवरच्या सेविकेला फोन लावलेला बरा. तिने कालच हे निस्तरलेलं असतं.

आणि या पाइपाचं दुसरं टोकही आहे. २०२१मध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. फोनची स्मृती कमी, तो अडकतो, तापतो, ॲपमध्ये इंग्रजीत नावं भरायला लागतात, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. डिसेंबर २०२३पासून त्या पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या, तेव्हाची मुख्य मागणी मानधनाची. त्या वर्षी सेविकेचं मानधन ८,३२५वरून १०,००० रुपये झालं होतं, मदतनिसाचं ४,४२५वरून ५,५००. ‘क्षमतावृद्धी’ हा सरकारी शब्द वाचताना हे आकडे शेजारी ठेवलेले बरे.

जामखेडची उलटी वाट

पाटाच्या उदाहरणात एक खोट आहे. पाणी खालून वर जात नाही. चांगल्या शिकण्यात मात्र खालचं वर जावंच लागतं, आणि ते कसं जातं हे दाखवून देणारं ठिकाण याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

१९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावागावांतल्या बायका त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती, अनेक जणी दलित कुटुंबांतल्या होत्या. त्यांना शिकवायची पद्धत अशी की त्या ठरल्या दिवशी जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या आणि परत गावी. हे एकदा नाही, आठवड्यामागून आठवडे चालायचं. दर वेळी आधी त्या बोलायच्या: गावात या आठवड्यात काय घडलं, कोणाचं मूल हगवणीने सुकलं, सासूने काय आडकाठी घातली, आपण काय केलं. शिकवायचा विषय त्यातून निघायचा. एकीला जमलेली युक्ती दुसरी घेऊन जायची. पुढे याच बायका जगभरातून आलेल्या डॉक्टरांना शिकवायला लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडच्या बायकांना वाचता येत नव्हतं म्हणून परिपत्रकाने काम भागणं शक्यच नव्हतं. त्यामुळे सगळं हाताने, तोंडाने आणि पुन्हा पुन्हा शिकवावं लागलं. आता परिपत्रक वाचता येतं, आणि त्यामुळेच ते पाठवलं की शिकवून झालं असं वाटतं. हे काही माझं एकट्याचं मत नसावं. बीट बैठकीच्या डब्याच्या सुट्टीत कान देऊन पाहा.

आणखी मागे गेलं तर ‘अंगणवाडी’ हा शब्द ज्यांनी दिला त्या ताराबाई मोडकांपाशी पोचतो. १९४५मध्ये त्यांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीला काम सुरू केलं, १९५७मध्ये कोसबाडला नेलं. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, आणि मूल गुरं राखायला गेलं तर कुरणात न्यायची. ताराबाई ‘शिक्षणपत्रिका’ चालवायच्या, बालशिक्षणात काम करणाऱ्यांना आणि पालकांना नवं काही कळावं म्हणून. व्हॉट्सॲप ग्रुपचं काम तेव्हा ती करायची, फक्त त्यात सुप्रभातचे फुलगुच्छ नसायचे.

चारी सोडून गेलेली मुलं

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे दिवाळीच्या सुमाराला आणखी एक गोष्ट घडते. कोयते निघतात. ऊसतोडीला जोडपी जातात, पाळण्यातली पोरंही बरोबर. हंगाम संपेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. अंगणवाडीच्या पटावर नाव आहे, मूल कारखान्याच्या तळावर. राज्याने स्थलांतरितांची नोंद ठेवायची प्रणाली केली आहे, ट्रॅकरमध्येही लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीत पाठवता येतो. पण बटण दाबून जाते ती नोंद. प्रवरेच्या काठच्या कोपीत बसलेल्या आईला जवळची अंगणवाडी कुठे आहे हे कोण सांगणार, आणि त्या अंगणवाडीच्या ताईंना ‘तुमच्या हद्दीत सहा पोरं आलीत’ हे कोण कळवणार? जिथे दोन्हीकडच्या सेविका एकमेकींना फोन करतात तिथे हे होतं. हा फोन कुठल्याच रकान्यात भरला जात नाही.

फळीवर दोघी

ओवीच्या आजोळचं आता सांगता येईल. तिथली अंगणवाडी ‘मिनी’ होती असं धरू. लहान वस्तीच्या अशा अंगणवाडीत मदतनिसाचं पदच नसायचं (अलीकडे त्यांना पूर्ण अंगणवाडीचा दर्जा देण्याचं धोरण आलं आहे). त्यामुळे ताईंना सरावच एकट्याने मोजायचा. शिबिरात दोघींनी मोजायचं शिकवलं होतं, पण दुसरी बाई आणायची कुठून, हे शिकवलं नव्हतं.

पुढच्या बीट बैठकीत अकोल्याकडून आलेला आकडा आणि आपला आकडा जुळत नाही, हे ताईंनी स्वतःच सांगितलं. मुख्यसेविकेने आकडा खोडायला न सांगता विचारलं, ‘गुडघे कोणी धरले होते?’ आणि मग कोणाच्या तरी कडेवरचं पोर फळीवर निजवून सगळ्यांना दाखवलं. डोक्याशी आई, गुडघ्यांशी ताई. आई तिथे असतेच की! तिचा चेहरा समोर दिसला की पोर रडतही कमी.

दुसऱ्या दिवशी ओवीला पुन्हा मोजलं. आईने डोकं टेकवून धरलं, ताईंनी एक हात गुडघ्यांवर ठेवला आणि दुसऱ्याने पट्टी तळव्यांना भिडवली. ७६.६.